सातशे रुपयांचा कारखाना

(तृतीय वर्ष कला, इतिहास)

आमच्या घरी पलंगाखाली गेल्या उन्हाळ्यापासून फिनेलच्या बाटल्या पडून आहेत. आरंभी चाळीस होत्या. आई अंगण आणि मोरी धुवायला वापरते म्हणून आता त्या निम्म्यावर आल्या आहेत. हे फिनेल माझ्या थोरल्या भावाने, दादाने, केले. तो रसायनशास्त्र घेऊन पहिल्या वर्गात बी. एस्सी. झाला. दोन वर्षे अर्ज करून थकला, तेव्हा शिकलेल्या विद्येवर आपणच काहीतरी करावे असे त्याच्या मनाने घेतले. पाइनचे तेल आणले, इमल्सिफायर आणला, बादलीत ढवळून दुधासारखे पांढरेशुभ्र फिनेल तयार केले. त्या दिवशी घरात सणासारखा आनंद होता.

दुसऱ्या दिवशी तो बाटल्या पिशवीत घालून बाजारात गेला आणि संध्याकाळी तशाच घेऊन परत आला. दुकानदाराने त्याला चारच गोष्टी विचारल्या होत्या. बाटली कितीला पडते? मला कितीला देणार? माल खपला नाही तर परत कोण नेणार? आणि पुढच्या महिन्यात असाच माल मिळेल याची हमी काय? दादाला एकाही प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. महिन्याभराने त्यातल्या काही बाटल्यांत तेल वर आणि पाणी खाली असे दोन थर दिसू लागले, आणि तो विषय घरात बंद झाला.

मी कला शाखेची विद्यार्थिनी. रेणुभार काढता येणाऱ्या माणसाला एका बाटलीचा खर्च काढता येऊ नये, याचे मला फार नवल वाटले. दोष त्याचा की त्याला शिकवणाऱ्यांचा, हा प्रश्न काही डोक्यातून जाईना. अशा मनःस्थितीत इतिहासाच्या अभ्यासासाठी ग्रंथालयात बसले असताना आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांचे चरित्र हाती आले. शालेय पुस्तकात त्यांच्याविषयी दोन ओळी वाचल्या होत्या, थोर रसायनशास्त्रज्ञ एवढेच लक्षात होते. पण विज्ञानाच्या विद्यार्थ्याला प्रयोगशाळेतून बाजारापर्यंत कसे न्यायचे, हा प्रश्न या माणसाने सव्वाशे वर्षांपूर्वी स्वतःच्या अंगावर घेतला होता. त्यांच्या आयुष्याची ती बाजू मी येथे सांगणार आहे.

प्रफुल्लचंद्रांचा जन्म २ ऑगस्ट १८६१ रोजी राडुली या खेड्यात झाला. तेव्हा ते जेसोर जिल्ह्यात होते, आज ते बांगलादेशात आहे. वडील हरिश्चंद्र जमीनदार, विद्येची आवड असलेले आणि सुधारक मताचे गृहस्थ होते. मुलांच्या शिक्षणासाठी १८७० मध्ये कुटुंब कलकत्त्याला आले आणि प्रफुल्लचंद्र हेअर स्कूलमध्ये जाऊ लागले. पण १८७४ मध्ये त्यांना आमांशाचा भयंकर विकार जडला. शाळा सुटली, सुमारे दोन वर्षे घरी बसावे लागले, आणि पोटाची दुर्बलता जन्माची सोबतीण झाली. या सक्तीच्या विश्रांतीत त्यांनी घरातली पुस्तके वाचून काढली आणि आपल्या हिमतीवर लॅटिनसारखी भाषा शिकून घेतली. परीक्षेसाठी नसलेला अभ्यास कसा करावा, हे या आजारानेच त्यांना शिकवले असे मला वाटते.

पुढे अल्बर्ट स्कूलमधून ते प्रवेश परीक्षा उत्तीर्ण झाले आणि ईश्वरचंद्र विद्यासागरांच्या मेट्रोपॉलिटन इन्स्टिट्यूशनमध्ये दाखल झाले. त्या संस्थेत विज्ञानाच्या शिक्षणाची पुरेशी सोय नव्हती, म्हणून प्रेसिडेन्सी कॉलेजात अलेक्झांडर पेडलर यांची रसायनशास्त्राची व्याख्याने ऐकायला ते बाहेरचे विद्यार्थी म्हणून जात. पेडलर वर्गात प्रयोग करून दाखवत, आणि त्या प्रयोगांनी या वाङ्मयप्रेमी मुलाचा मार्ग बदलला. १८८२ मध्ये गिल्ख्रिस्ट शिष्यवृत्ती मिळवून ते एडिंबरो विद्यापीठात गेले. तेथे क्रम ब्राउन या गुरूंच्या हाताखाली त्यांनी १८८५ मध्ये बी. एस्सी. आणि १८८७ मध्ये डी. एस्सी. ही पदवी घेतली. स्कॉटलंडमधले काही कारखानेही त्यांनी विद्यार्थिदशेत पाहिले. विद्यापीठात रसायनशास्त्र आणि गावाबाहेर रसायनांचे कारखाने, अशी जोडी त्या देशात त्यांच्या डोळ्यांसमोर होती.

१८८८ मध्ये ते मायदेशी परतले. एडिंबरोचा डॉक्टर कलकत्त्यात जवळजवळ वर्षभर नोकरीवाचून राहिला! त्या काळात मित्र जगदीशचंद्र बोस यांच्या घरी त्यांना आसरा मिळाला. शेवटी १८८९ मध्ये प्रेसिडेन्सी कॉलेजात दरमहा २५० रुपयांवर साहाय्यक प्राध्यापकाची जागा मिळाली. वरच्या श्रेणीच्या जागा आणि त्यांचे मोठे पगार जवळजवळ गोऱ्यांसाठीच राखलेले होते. या अन्यायाची तक्रार घेऊन ते शिक्षण खात्याच्या संचालकांकडे गेले. संचालकांनी त्यांना ऐकवले की ही जागा घ्याच असे कोणी म्हणत नाही, जगात दुसरे पुष्कळ मार्ग मोकळे आहेत. हे बोलणे त्यांच्या जिव्हारी लागले. त्यांनी नोकरी सोडली नाही. पण दुसरा मार्ग म्हणजे काय, ते मात्र एके दिवशी करून दाखवले.

आपले विद्यार्थी पदवी घेतात आणि कारकुनीच्या किंवा वकिलीच्या मागे धावतात, हे त्यांना रोज दिसत होते. विज्ञान शिकलेला तरुणही त्याला अपवाद नव्हता, कारण त्याच्या विद्येला गिऱ्हाईकच नव्हते. औषधे आणि रसायने बोटीने विलायतेहून येत होती. ती येथे का होऊ नयेत? प्रश्न साधा होता. उत्तर शोधताना मात्र प्रफुल्लचंद्रांनी आधी दोनदा ठेच खाल्ली.

पहिला विचार सायट्रिक आम्लाचा. लिंबाच्या रसापासून ते करता येते, हे प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक आहे. पण कलकत्त्याच्या बाजारातल्या लिंबांच्या भावात तो हिशेब बसेना. दुसरा विचार धुण्याच्या सोड्याचा. सज्जीमाती स्वस्त मिळते, तिच्यापासून सोडा करता येतो. तोही त्यांनी करून पाहिला. पण विलायतेतल्या एका मोठ्या कारखान्याचा सोडा इतक्या कमी किमतीत येत होता की त्याच्यापुढे टिकाव लागणे अशक्य होते. म्हणजे दोन्ही वेळा रसायनशास्त्र बरोबर होते आणि धंदा चूक होता. जे करता येते ते सगळेच विकता येत नाही. हा धडा कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हता, आणि प्राध्यापकांना तो स्वतःच्या पैशांनी शिकावा लागला.

मग त्यांची दृष्टी अशा वस्तूकडे गेली की जिला शहरात कोणी विचारत नव्हते. ती वस्तू म्हणजे हाडे. हाडे जाळून त्यांच्या राखेवर गंधकाम्लाची क्रिया केली की सुपरफॉस्फेट मिळते आणि त्यापासून औषधात लागणारे फॉस्फेट ऑफ सोडा बनवता येते. कच्चा माल जवळजवळ फुकट, तयार माल मोलाचा, आणि तो बाहेरून येत असल्यामुळे मागणी आधीच ठरलेली. अपर सर्क्युलर रोडवरच्या ९१ क्रमांकाच्या भाड्याच्या घरात त्यांनी काम सुरू केले. राजाबाजारच्या खाटकांकडून हाडांची पोती आणून ती गच्चीवर वाळत घातली. आणि ऐन हिवाळ्यात अवेळी पाऊस लागला! हाडांना चिकटलेले मांस सडले, त्यात किडे पडले, दुर्गंधी सुटली. कावळ्यांनी तर मेजवानीच मांडली आणि हाडांचे तुकडे उचलून शेजारच्या सोवळ्या घरांच्या अंगणात टाकले. शेजारी संतापले आणि नगरपालिकेकडे जाण्याची धमकी देऊ लागले. प्राध्यापकमहाशयांना तो सारा पसारा उचलून शहराबाहेर माणिकतळ्याच्या बाजूला न्यावा लागला. तेथे रात्री हाडांची भट्टी पेटवली, तर पोलीस येऊन उभे राहिले. कोणाचा तरी खून करून प्रेत जाळत आहेत, असा त्यांना संशय आला होता.

हा प्रसंग वाचताना मला हसू आले आणि मग पलंगाखालच्या बाटल्या आठवल्या. फरक एवढाच की दादाने पहिल्या फजितीनंतर बादली उपडी घातली, आणि प्रफुल्लचंद्रांनी जागा बदलून भट्टी पुन्हा पेटवली.

१८९२ मध्ये बेंगॉल केमिकल वर्क्स सुरू झाले ते सातशे रुपयांच्या भांडवलावर. प्रफुल्लचंद्रांचा दिनक्रम विलक्षण होता. दिवसभर कॉलेजात शिकवणे आणि संशोधन. दुपारी तास संपले की कारखान्यात जाऊन कालची कढई आज पुढे नेणे. औषधे करताना अधिकृत औषधकोशात लिहिलेली शुद्धता तंतोतंत साधायची, हा त्यांचा दंडक होता. पण विक्रीचे काय? औषध दुकानदार मालावर नजर टाकत आणि मान हलवत. विलायती नाव हवे, देशी बाटली गिऱ्हाईक घेत नाही, हेच सर्वांचे उत्तर. दादाला मिळाले तेच!

या ठिकाणी त्यांच्या मदतीला धावून आले ते त्यांचे मित्र डॉ. अमूल्यचरण बोस. अमूल्यबाबू वैद्यकीचा व्यवसाय करीत होते. त्यांनी दुकानदारांच्या मागे लागण्याऐवजी वाट उलटी धरली. रोगी औषध मागतो ते डॉक्टरने चिठ्ठीवर लिहिले म्हणून. तेव्हा आधी डॉक्टरची खात्री पटली पाहिजे. अमूल्यबाबूंनी आपल्या ओळखीच्या डॉक्टरांना ही औषधे वापरून पाहायला लावली. त्यांनी चिठ्ठीवर नाव लिहायला सुरुवात करताच दुकानदारांना माल ठेवणे भाग पडले. दुसरी मोलाची सूचनाही त्यांचीच होती. विलायती औषधांची नक्कल करीत बसण्यापेक्षा, आपल्या वैद्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत असलेल्या वनस्पतींचे अर्क आधुनिक पद्धतीने, ठरावीक मात्रेत आणि शुद्ध स्वरूपात का काढू नयेत? त्यातून ओव्याचा अर्क आला, अडुळशाचे सरबत आले, कुड्याचा आणि काळमेघाचा अर्क आला. ओवा आणि अडुळसा कोणत्या आजीबाईच्या बटव्यात नसतो? पण आजीबाईचा काढा रोज वेगळा उतरतो, आणि कारखान्याची बाटली दर वेळी सारखी असावी लागते. ज्ञान जुने होते, हमी नवी होती. आज ज्याला नवोन्मेष म्हणतात तो बहुधा याहून वेगळा नसावा.

या यशाची किंमत मात्र फार मोठी होती. सतीशचंद्र सिंह नावाचा रसायनशास्त्राचा उच्चशिक्षित तरुण ध्येयाने भारून कारखान्यात आला होता. पदवीधराने नोकरीऐवजी उद्योग पत्करावा, या प्रफुल्लचंद्रांच्या स्वप्नाचा तो जणू पहिला अंकुर होता. काम करता करता चुकून हायड्रोसायनिक आम्ल पोटात गेल्याने त्याचा अंत झाला. पुढे १८९८ मध्ये प्लेगच्या साथीत अमूल्यचरणही गेले. दोन्ही हात तुटावेत तसे झाले. कारखाना कर्जात, भागीदार गेलेला, आणि उरलेला एकटा माणूस पोटाने अधू. आपण असतो तर येथे थांबलो असतो, असे कबूल करायला मला संकोच वाटत नाही. प्रफुल्लचंद्र दुसऱ्या दिवशीही वर्गावर गेले आणि संध्याकाळी कारखान्यात गेले. १९०१ मध्ये त्यांनी या उद्योगाचे रूपांतर मर्यादित कंपनीत केले. बेंगॉल केमिकल अँड फार्मास्युटिकल वर्क्स हे तिचे नाव. १९०५ मध्ये माणिकतळ्याला मोठा कारखाना उभा राहिला.

कंपनी उभी राहताच त्यांनी आणखी एक शहाणपण दाखवले. दैनंदिन सूत्रे त्यांनी स्वतःच्या मुठीत ठेवली नाहीत. १९०३ मध्ये राजशेखर बसू नावाचे रसायनशास्त्राचे पदवीधर कंपनीत आले आणि पुढे व्यवस्थापक झाले. परशुराम या टोपणनावाने बंगालीत अमर विनोदी कथा लिहिणारे आणि बंगाली शब्दकोश रचणारे ते हेच. वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे की एक उत्तम कथालेखक सुमारे तीन दशके औषधांच्या कारखान्याचे हिशेब चोख सांभाळत होता! तेव्हा कला आणि विज्ञान यांच्यामध्ये आपण बांधलेली भिंत वाटते तेवढी उंच नसावी.

या सर्व काळात प्रफुल्लचंद्रांचे संशोधन थांबले नव्हते. मर्क्युरस नायट्राइट हे संयुग त्यांनी तयार केले आणि १८९६ मध्ये ते प्रसिद्ध झाले. हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड १९०२ मध्ये निघाला. पण मला सर्वांत मोहवून टाकले ते त्यांच्या वर्गाने. मोठे प्राध्यापक वरच्या वर्गांना शिकवतात. राय मात्र नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांचे तास आवर्जून घेत, कारण ओल्या मातीलाच आकार देता येतो असे त्यांचे मत होते. त्यांच्या वर्गातली एक हकिकत प्रसिद्ध आहे. शिकवता शिकवता ते हाडाची राख उचलत आणि चिमूटभर तोंडात टाकत. सोवळ्या घरांतली मुले शहारत. मग प्राध्यापक समजावून सांगत की जळून गेल्यावर हे कोणत्या प्राण्याचे हाड याला अर्थ उरत नाही. हे आता केवळ कॅल्शियम फॉस्फेट आहे.

या चिमूटभर राखेत त्यांचे सारे शिक्षणशास्त्र सामावले आहे, असे मला वाटते. तिच्यात रसायनशास्त्र होते. हाताने काम करण्याची आणि घाणीची लाज मोडणे होते. आणि हीच राख संध्याकाळी कारखान्यात औषध होते, हे वर्गातल्या पोरांना माहीत होते. धंदा कसा करावा यावर त्यांनी स्वतंत्र अभ्यासक्रम काढला नाही, गुण ठेवले नाहीत, प्रमाणपत्र दिले नाही. सकाळी जो माणूस फळ्यावर सूत्र लिहितो तोच दुपारनंतर त्याच सूत्राचा माल बाजारात उभा करतो आणि फजिती झाली तर तीही लपवत नाही, एवढे विद्यार्थ्यांना दिसत होते.

त्यांच्या शिष्यांकडे पाहिले म्हणजे या शिकवणीची फळे कळतात. मेघनाद साहा आणि सत्येंद्रनाथ बोस त्यांच्याच वर्गात बसले होते. ज्ञानचंद्र घोष पुढे खरगपूरच्या तंत्रशिक्षण संस्थेचे पहिले संचालक झाले. नीलरतन धर यांनी अलाहाबादला रसायनशास्त्राची परंपरा उभी केली. सतीशचंद्र दासगुप्त यांनी बेंगॉल केमिकलमध्ये अग्निशामक यंत्र तयार केले आणि नंतर खादीच्या कामाला आयुष्य वाहिले. १९२४ मध्ये इंडियन केमिकल सोसायटी स्थापन झाली तेव्हा अध्यक्षपद साहजिकच गुरूंकडे आले.

आपल्याकडेही हीच हवा तेव्हा वाहत होती, हे येथे सांगितले पाहिजे. महाराज सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने १८९० मध्ये बडोद्याला कलाभवन निघाले, त्यामागे प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांची कल्पकता होती. पुढे मुंबईच्या विल्सन कॉलेजात ते रसायनशास्त्र शिकवीत. त्यांनी आपले शिष्य कोटीभास्कर आणि अमीन यांच्यासह १९०७ मध्ये अलेंबिक ही कंपनी काढली. पूर्वेला राय आणि पश्चिमेला गज्जर, दोघेही आधी शिक्षक होते आणि मग उद्योजक झाले.

महाराष्ट्राशी प्रफुल्लचंद्रांचा आणखी एक हृद्य संबंध आहे. गोपाळ कृष्ण गोखले त्यांचे स्नेही होते. १९०२ च्या आरंभी दक्षिण आफ्रिकेहून आलेले मोहनदास गांधी कलकत्त्यात गोखल्यांकडे महिनाभर उतरले होते. राय जवळच राहत आणि वरचेवर येत. हे गृहस्थ महिन्याला आठशे रुपये मिळवतात, चाळीस स्वतःसाठी ठेवतात आणि बाकीचे लोककार्याला देतात, अशी गोखल्यांनी त्यांची ओळख करून दिली होती. गांधीजींनी ही आठवण आत्मचरित्रात नोंदवली आहे. १९१६ मध्ये प्रेसिडेन्सी कॉलेजातून निवृत्त होऊन राय कलकत्ता विद्यापीठाच्या विज्ञान महाविद्यालयात पालित प्राध्यापक म्हणून गेले आणि तेथल्याच एका खोलीत विद्यार्थ्यांच्या सहवासात राहू लागले. लग्न त्यांनी केलेच नव्हते. १९२१ मध्ये साठी पूर्ण झाल्यावर पगार विद्यापीठालाच देऊन टाकला आणि १९३६ पर्यंत तसेच शिकवत राहिले. १९२२ मध्ये उत्तर बंगालमध्ये महापूर आला, तेव्हा मदतकार्याची धुरा त्यांनी उचलली आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी गावोगाव धान्य-कपडा पोचवला. कारखाना चालवायला जी व्यवस्था लागते, तीच संकटात माणसे जगवायला लागते.

आता एका ठिकाणी माझा त्यांच्याशी मतभेद आहे, तो नोंदवते. १९१० मध्ये बंगाली मेंदूच्या अपव्ययावर त्यांनी एक पुस्तिका लिहिली. तिच्यात आणि नंतरच्या लेखनातही पदवीच्या आणि नोकरीच्या मागे धावणाऱ्या तरुणांवर त्यांनी कोरडे ओढले आहेत. ते वाचताना मला दादाचा चेहरा दिसत होता. तो आळशी नाही. नोकरीची त्याला हाव नाही, गरज आहे. प्रफुल्लचंद्रांची लिंबे आणि सज्जीमाती वाया गेली तेव्हा त्यांच्या पाठीशी महिन्याला अडीचशे रुपये होते, आणि दुकानदाराने पाठ फिरवली तेव्हा अमूल्यचरण होते. दादाच्या पाठीशी वडिलांचे निवृत्तिवेतन आहे, आणि त्यातही पाइनचे तेल बसत नाही. चुका करायला पैसा लागतो आणि सोबत लागते. ज्याच्यापाशी दोन्ही नाही त्याला धाडस नाही म्हणून दोष देणे मला न्यायाचे वाटत नाही. मात्र याच आचार्यांची कृती त्यांच्या शब्दांहून उदार आहे. तरुणांना रागावून ते थांबले नाहीत. त्यांनी स्वतःचा पैसा, स्वतःच्या संध्याकाळी आणि स्वतःची खोली तरुणांसाठी मोकळी केली.

म्हणून गुरुजनांना नम्र विनंती करावीशी वाटते. उद्योजकतेची व्याख्याने हल्ली महाविद्यालयांतून होतात, ती ऐकून टाळ्याही आम्ही वाजवतो. पण विज्ञानाच्या विद्यार्थ्याला शिकत असतानाच, घरी दोन वेळचे जेवण आहे तोवर, एखादी वस्तू करून ती विकून पाहू द्यावी. तिची वही त्याने ठेवावी आणि आमच्या वाणिज्य शाखेच्या मित्रांनी ती तपासावी. दोन थर झालेली बाटली त्याने वर्गात आणावी आणि ते का झाले हे प्राध्यापकांसमोर शोधावे. फसण्याची सोय जेथे आहे तेथेच शिकण्याची सोय आहे.

१६ जून १९४४ रोजी विज्ञान महाविद्यालयातल्या त्याच खोलीत आचार्यांनी देह ठेवला. त्यांची कंपनी पुढे अडचणीत आली. १९७७ मध्ये सरकारने तिचे व्यवस्थापन हाती घेतले आणि १९८० मध्ये तिचे राष्ट्रीयीकरण झाले. अनेक दशके तोटा सोसल्यानंतर २०१६-१७ मध्ये ती पुन्हा नफ्यात आली. सातशे रुपयांचे ते रोपटे आजही उभे आहे. तिच्या मालाच्या यादीत ओव्याचा अर्क आहे आणि, मला वाचून गंमत वाटली, दिव्याच्या छापाचे फिनेलही आहे.

ही शेवटची गोष्ट मी दादाला सांगितली. तो काही बोलला नाही. रात्री जेवणानंतर पलंगाखालून थर झालेली एक बाटली काढून तो बराच वेळ दिव्याखाली धरून पाहत बसला. मग माझ्याकडून एक कोरी वही मागून घेतली. पहिल्या पानावर त्याने रकाने आखले: तेल, इमल्सिफायर, बाटली, झाकण, चिठ्ठी, रिक्षाचे भाडे. शेवटच्या रकान्यात आपल्या दोन दिवसांच्या मजुरीचा आकडा लिहायला तो कचरत होता. तो आकडा मी लिहायला लावला. एका बाटलीची किंमत तेव्हा कुठे पहिल्यांदा आमच्या घरात निघाली. ती दुकानातल्या फिनेलपेक्षा चार रुपयांनी जास्त होती.

आता ते चार रुपये कोठे कमी करायचे, यावर आमचे रोज भांडण चालते.